दहा सेकंदांचा ईसीजी आणि रात्रभराची धडधड

पत्र :

डॉक्टर, नमस्कार. मी डिचोली तालुक्यातल्या एका प्राथमिक शाळेत शिकवते. वय ४६. दोनेक महिन्यांपासून रात्री आडवं झालं की छातीत धडधडतं. मधेच एक ठोका चुकतो आणि मग आतून कुणीतरी धप्पकन आपटल्यासारखं होतं. डाव्या कुशीवर जास्त. चवथीनंतर, म्हणजे गणेशचतुर्थीनंतर, तर जवळजवळ रोज. एका दवाखान्यात ईसीजी काढला, तो नॉर्मल आला. 'टेन्शन घेऊ नका' म्हणाले. सासूबाई म्हणतात, 'तुका दिश्ट लागल्या.' शेजारीण म्हणते, माझी बीपीची गोळी अर्धी घेऊन बघ, लगेच थांबेल. यजमानांचा चुलतभाऊ दोन वर्षांपूर्वी, ५२व्या वर्षी हार्ट अटॅकने गेला. तेव्हापासून मनात तीच भीती. माझं दुखणं खरं की मनाचे खेळ? थायरॉईडची गोळी बरीच वर्षं चालू आहे, पावसाळ्यात दम्याचा पंप लागतो, पाळी अलीकडे लवकर आणि भरपूर येते, बाकी काही नाही. मुलाने पुण्याहून हातातलं घड्याळ पाठवलंय. त्यात कधी ७० दिसतात, कधी ११०. गंमत म्हणून ते यजमानांच्या हाताला बांधलं, तर आकडा ९० वरून १४० आणि परत ८५ असा नाचायला लागला. त्यांनाही काजूच्या हंगामात हुर्राक (काजूची हलकी दारू) घेतल्यावर एकदोनदा रात्री धडधडलं होतं, आणि यंदा चवथीला काही न घेताच. ते ५८ वर्षांचे आहेत, बीपी आणि साखर दोन्ही आहे. पण 'माका कांय जावंक ना' म्हणून हसण्यावारी नेतात. कृपया नाव छापू नये.

उत्तर :

ताई, 'बाकी काही नाही' असं तुम्ही लिहिलंय खरं, पण त्याच वाक्यात धडधडीची तीन कारणं सांगून टाकली आहेत. आणि जी गोष्ट शेवटी गंमत म्हणून लिहिलीत, ती मला पत्रातली सगळ्यात गंभीर वाटली. तिच्याकडे येतोच. पण प्रश्न तुम्ही स्वतःबद्दल विचारला आहे, तेव्हा आधी तुमचं बघू.

दुखणं खरं आहे. ईसीजी नॉर्मल आहे, तोही खरा आहे. या दोन्हींत भांडण नाही. नेहमीच्या ईसीजीच्या कागदावर साधारण दहा सेकंदांचे ठोके उमटतात. दिवसाचे सेकंद ८६,४००. त्यातले दहा, तेही सकाळी, दवाखान्यातल्या खाटेवर, धडधड नसताना. रात्री साडेअकराला छातीत काय चाललं होतं, हे त्या कागदाला कसं कळणार? म्हणून तो वाया गेला असंही नाही. पूर्वी अटॅक येऊन गेल्याच्या खुणा, हृदयाचा जाड झालेला स्नायू, ठोक्याची वीज वाहून नेणारी जन्मतः असलेली जादा वाट, अशा काही गोष्टी शांत हृदयाच्या ईसीजीतही बऱ्याचदा दिसतात. त्या तुमच्यात दिसल्या नाहीत, हे चांगलंच झालं. तो कागद नीट जपून ठेवा. पुढच्या डॉक्टरांना तुलनेसाठी लागेल.

माझी हरकत आहे ती 'ईसीजी नॉर्मल, म्हणजे टेन्शन' या उडीला. मधली एक पायरी राहून जाते, आणि बायकांच्या बाबतीत ती जास्त राहते. १९९७ साली अमेरिकेत १०७ रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. हृदयातल्या जादा वाटेमुळे अचानक दौडत सुटणारी धडधड या सगळ्यांना होती, हे नंतर सिद्ध झालेलं. तरी त्यांतल्या निम्म्याहून जास्त जणांचा आजार पहिल्या तपासणीत ओळखला गेला नव्हता. बऱ्याच जणांना घबराट, ताण असंच सांगून परत पाठवलं होतं, आणि हे ऐकून घ्यावं लागणाऱ्यांत बायकांचं प्रमाण पुरुषांच्या जवळपास दुप्पट होतं. तुम्हाला तोच आजार आहे असं मी म्हणत नाही. तुमचं वर्णन वेगळं आहे. पण धडधड चालू असताना ती कागदावर पकडल्याशिवाय तिला 'मनाचे खेळ' म्हणायचं नाही, एवढं आपण ठरवू.

आता तो चुकलेला ठोका. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. प्रत्येक ठोक्याची ठिणगी तिथून पडते, मिनिटाला ६० ते १००, दिवसाला लाखभर. कधीकधी दुसऱ्याच कुठल्या तरी जागेहून एक ठिणगी वेळेआधी पडते. हृदय अजून पुरतं भरलेलं नसतं, त्यामुळे तो ठोका इतका हलका पडतो की मनगटापर्यंत पोचतही नाही. आपल्याला वाटतं, ठोका चुकला. खरं तर एक जास्तीचा, घाईने आलेला ठोका होऊन गेलेला असतो. त्याच्यामागून थोडी विश्रांती येते. तेवढ्या वेळात हृदय नेहमीपेक्षा जास्त भरतं आणि पुढचा ठोका जोरात पडतो. तुम्ही ज्याला धप्पकन आपटणं म्हणता ते हे. असे ठोके निरोगी माणसांतही सर्रास सापडतात. पुष्कळांना पत्ताही लागत नाही, आणि ज्यांना लागतो त्यांची झोप उडते.

डाव्या कुशीचं कोडंही सोपं आहे. त्या कुशीवर हृदयाचं टोक छातीच्या भिंतीला जास्त टेकतं. त्यात रात्रीची वेळ. पंखा सोडला तर घरात आवाज नाही, दिवसभर लक्ष खेचणारी पोरं नाहीत, कान उशीत. जे ठोके दुपारी वर्गातल्या पाढ्यांत बुडून जातात, ते रात्री एकेक करून ऐकू येतात. उजव्या कुशीवर झोपून बघा. इलाज नव्हे, पण झोप लागायला मदत होईल.

धडधड धडधडीत फरक असतो, आणि तो ओळखायचा उपाय तुमच्या बोटांत आहे. पुढच्या वेळी सुरू झाली की उठून बसा, उजव्या हाताची पहिली दोन बोटं डाव्या मनगटावर अंगठ्याच्या मुळाखाली ठेवा आणि नाडी सापडली की डाव्या हाताच्या बोटाने तोच ताल पलंगाच्या फळीवर वाजवा. मोबाईल शेजारी ठेवून तो आवाज मिनिटभर रेकॉर्ड करा. हसू नका. माझ्याकडे येणाऱ्या पेशंटला मी टेबलावर ताल वाजवून दाखवायला सांगतो, आणि पुष्कळदा कुठल्या तपासणीपासून सुरुवात करायची ते त्या वाजवण्यावरून ठरतं.

चवथीत घुमट या वाद्यावर आरत्या चालतात तेव्हाचा ताल आठवा. एखाद्याचा हात जरा आधी पडला तरी पुढच्या मात्रेला सगळे परत एकत्र येतात. तुमचं वर्णन या जातीचं आहे : लय शाबूत, मधेच एक हात घाईचा. दुसरी जात म्हणजे आरती ठाय लयीत चालू असताना कुणीतरी एकदम दुप्पट लय धरावी आणि तितक्याच अचानक थांबावं. हृदय क्षणात दीडशेच्या वर जातं, ठोके मात्र अगदी सारखे असतात, गळ्यातही फडफड जाणवते, आणि थांबतं तेही बटण दाबल्यासारखं. बऱ्याच जणांना त्यानंतर मोठी लघवी होते. तिसऱ्या जातीत तालच नसतो. दहा जण दहा तऱ्हेने वाजवताहेत आणि सम कुठेच नाही. हिच्यासाठी मी तुमच्या यजमानांना नंतर बोलावणार आहे. आणि चौथी, सगळ्यात सामान्य : लय हळूहळू चढते आणि हळूहळूच उतरते. ताप, भीती, घाम जाऊन कमी पडलेलं पाणी, रक्ताची कमतरता, या सगळ्यांत हृदय अशी पायरी-पायरीने गती घेतं. यात बिघाड हृदयाचा नसतो, ते बिचारं मागणी पुरवत असतं.

घड्याळातले तुमचे ७० आणि ११० बहुधा या चौथ्या जातीचे, आणि इथे तुमची तीन कारणं येतात.

पहिलं, पाळी. लवकर येते आणि भरपूर येते, म्हणजे महिन्यामागून महिना रक्त जातंय. हिमोग्लोबिन शेवटचं कधी तपासलं ते पत्रात नाही. बाईचं हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली गेलं की तो पंडुरोग. आठ-नऊवर आलेली बाईही शाळा, स्वयंपाक, माटोळीचं सामान, सगळं करत राहते, फक्त जिना चढताना धाप लागते आणि रात्री छाती धडधडते. रक्तात प्राणवायू वाहून नेणारं कमी झालं की हृदयाला तेच काम जास्त फेऱ्या मारून करावं लागतं. सासूबाईंनी मीठ-मिरची ओवाळून दृष्ट काढायला माझी काही हरकत नाही, त्यांचं मन शांत होईल. हिमोग्लोबिन मात्र त्याने वाढत नाही. आणि नुसती लोहाची गोळी घेऊनही भागणार नाही. या वयात पाळी का वाढली ते स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवायला हवं. गाठ असेल, किंवा पाळी जाण्याआधीची उलथापालथ असेल. रात्री अंगातून वाफ निघाल्यासारखं होऊन घाम येतो आणि त्यासोबत धडधडतं, असं होतंय का तेही बघून ठेवा. तसं असेल तर त्यांना आवर्जून सांगा.

दुसरं, थायरॉईडची गोळी. 'बरीच वर्षं चालू आहे' असं लिहिलंत, पण टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी, शेवटची कधी केली? गोळीचा डोस गरजेपेक्षा जास्त झाला की हृदयाची गती वाढते, हात थरथरतात, झोप जाते, वजन उतरतं. वजन बदललं, वय बदललं की जुना डोस जास्त होऊ शकतो. गोळी मनाने कमी करू नका किंवा बंद करू नका, आधी रक्त तपासा. आणि लोहाची गोळी सुरू झाली तर एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण दवाखान्याच्या गर्दीत ती कुणी सांगेलच असं नाही. थायरॉईडच्या आणि लोहाच्या गोळीत निदान चार तासांचं अंतर हवं. दोन्ही सकाळी एकत्र घेतल्या तर लोह थायरॉईडची गोळी धरून ठेवतं, मग टीएसएच बिघडतो, मग डोस वाढतो, आणि आपण होतो तिथेच. थायरॉईडची सकाळी उठल्यावर रिकाम्या पोटी, लोहाची दुपारी. लोहाच्या आगेमागे तासभर चहा नको.

तिसरं, पंप. श्वासनळ्या मोकळ्या करणारं सालब्युटामॉल हृदयालाही थोडं पळवतं. दोन फवारे घेतल्यावर अर्धा-पाऊण तास धडधडणं आणि हात कापणं हा त्याचा ठरलेला परिणाम आहे. चवथ म्हणजे भर पावसाळा. धडधड वाढली ते आणि पंप वाढला ते दिवस एकच होते का, तेवढं आठवून बघा. सर्दीच्या गोळ्याही तपासा. नाक मोकळं करणारी जी औषधं त्यांत घातलेली असतात, तीही हृदयाला डिवचतात.

चहाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण शाळेच्या स्टाफरूमचा चहा मला माहीत आहे. लोकांना वाटतं तितका तो गुन्हेगार नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १०० निरोगी माणसांना काही दिवस कॉफी पिऊ दिली आणि काही दिवस बंद केली. कॉफीच्या दिवशी हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून येणारे जादा ठोके साधारण दीडपट झाले, वरच्या कप्प्यांतले जवळपास तेवढेच राहिले. झोप मात्र सरासरी ३६ मिनिटांनी कमी झाली. झोप तुटली की दुसऱ्या रात्री ठोके जास्त जाणवतात. तेव्हा सकाळचा चहा सुखाने घ्या, चारनंतरचा सोडा.

शेजारणीची गोळी घेऊ नका. घेतलीच असेल तर पुन्हा घेऊ नका. बीपीच्या ज्या गोळ्यांनी धडधड थांबते त्यांतल्या बऱ्याचशा दम्याच्या माणसाच्या श्वासनळ्या आवळतात. तुम्हाला पंप लागतो हे त्या माउलीला ठाऊक नसेल. शिवाय गोळीने धडधड दबली तर जे पकडायचं ते हातातून निसटणार.

यजमानांच्या चुलतभावाचं वाईट वाटलं. पण त्यांच्या आणि तुमच्या रक्ताचा काही संबंध नाही, हे या भीतीत तुम्ही विसरून गेलात. घराण्याचा इतिहास विचारतात तो तुमच्या माहेरचा : आई, वडील, सख्खी भावंडं. त्यांच्यापैकी कुणी चाळिशीच्या आत अचानक गेलं, झोपेत गेलं, पोहताना बुडालं आणि कारण कळलं नाही, असं असेल तर डॉक्टरांना नक्की सांगा. दुसरं म्हणजे, हार्ट अटॅक हा हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळ्या तुंबल्याचा आजार आहे. तुमची तक्रार ठोक्यांच्या लयीची आहे. नळ्या स्वच्छ असूनही लय बिघडते, आणि तुंबलेल्या असूनही लय वर्षानुवर्षं सरळ चालू शकते. लय चुकली म्हणजे आता अटॅक येणार, असा हिशेब नाही.

मनाचा भाग अजिबात नाही असं मात्र मी म्हणणार नाही. ठोका चुकतो, तुम्हाला तो चुलतदीर आठवतो, भीतीने अंगात अ‍ॅड्रेनलिन सुटतं, त्याने गती वाढते आणि जादा ठोकेही वाढतात. तुम्ही आणखी घाबरता. या चक्राची सुरुवात शरीरात झालेली असते, मन ते फिरवत ठेवतं. दर दहा मिनिटांनी घड्याळात आकडा बघणं म्हणजे या चक्राला हाताने ढकलणं. रात्री ते घड्याळ काढून कपाटात ठेवा. मनगटाला हिरवा उजेड टाकून मोजणारं घड्याळ ठोके मोजतं, लय कशी आहे ते खात्रीने सांगू शकत नाही. पट्टा सैल असला तर मोजणंही चुकतं. काही घड्याळांत दुसऱ्या हाताचं बोट टेकवून तीस सेकंदांचा ईसीजी काढायची सोय असते. तुमच्यात ती असेल तर धडधड चालू असताना, आणि फक्त तेव्हाच, एक पट्टी काढून जतन करा. ती उपयोगाची आहे.

तपासण्या फार नाहीत. सीबीसी (हिमोग्लोबिन आणि रक्तपेशींची तपासणी), टीएसएच, रक्तातलं पोटॅशियम आणि साखर. एकदा टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी), म्हणजे हृदयाचा स्नायू आणि झडपा ठीक आहेत याची खात्री होईल. आणि होल्टर, म्हणजे अंगावर बाळगून दिवसभराचे ठोके नोंदवणारं यंत्र. तुमची धडधड जवळजवळ रोजची, म्हणून चोवीस तासांच्या होल्टरमध्ये ती सापडण्याची शक्यता चांगली आहे. पंधरा दिवसांतून एकदा होणाऱ्याला त्याचा फारसा फायदा नाही, त्याला जास्त दिवस चिकटवून ठेवायची पट्टी लागते. नॉर्मन होल्टर हा अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातला संशोधक. त्याने १९४०च्या दशकात बनवलेलं पहिलं यंत्र सुमारे ३८ किलोचं होतं आणि ते पाठीवर बांधून सायकल मारावी लागत असे. आताचं खिशात मावतं. छातीला चिकटवलेल्या तारा साडीखाली दिसतसुद्धा नाहीत. फक्त त्या दिवशी अंघोळ नाही. आणि रजा घेऊन घरी पडून राहू नका. शाळेत जा, जिने चढा, नेहमीसारखं जेवा, रात्री डाव्या कुशीवर झोपा. धडधड होऊ द्यायची आहे आपल्याला. यंत्रावर बटण असतं, ठोका चुकल्यासारखं वाटलं की ते दाबा आणि वेळ कागदावर लिहा. नुसत्या यंत्रापेक्षा यंत्र आणि तो कागद जुळवून बघण्यात खरी मजा आहे. बटण दाबलं तेव्हा लय साफ असेल तर ती एक बातमी, आणि त्याच क्षणी जादा ठोका सापडला तर दुसरी.

रिपोर्टमध्ये 'चोवीस तासांत इतके जादा ठोके' असा आकडा येईल. शेकड्यात असला तरी दचकू नका. इको चांगला असेल तर तेवढे ठोके बहुधा निरुपद्रवी. दिवसाच्या एकूण ठोक्यांच्या दहा टक्क्यांच्या आसपास किंवा वर गेले, तर हृदयरोगतज्ज्ञ त्यावर लक्ष ठेवतील. दिवसाउजेडी धडधड सुरू झाली आणि थांबेना, तर घरी बसून राहू नका. जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात जाऊन दारातच सांगा, 'आता चालू आहे, आत्ताच ईसीजी काढा.' केसपेपरच्या रांगेत उभं राहाल तर तोवर ती थांबेल.

दुसऱ्या जातीची धडधड असलेले वाचकही हे वाचत असतील, त्यांच्यासाठी थोडं. अचानक सुरू होऊन अचानक थांबणारी, दीडशेच्या वरची धडधड डॉक्टरांनी एकदा ईसीजीवर पकडून नाव सांगितलेलं असेल, तर घरी एक युक्ती करता येते. अर्धवट बसून दहा मिलीच्या रिकाम्या सिरिंजच्या तोंडात पंधरा सेकंद जोराने फुंकायचं, दट्ट्या जेमतेम हलेल इतपत. मग लगेच सपाट आडवं व्हायचं आणि कुणीतरी दोन्ही पाय पंधरा सेकंद वर धरायचे. २०१५ साली इंग्लंडमधल्या चाचणीत असं केल्याने ४३ टक्के रुग्णांची लय जागेवर आली. नुसतं बसून फुंकणाऱ्यांत १७ टक्के. मानेच्या शिरा मात्र स्वतः चोळू नका. हा आजार तारेने जादा वाट जाळून बहुतेकांचा कायमचा बराही होतो, तेव्हा जन्मभर फुंकत बसायचीही गरज नाही.

थांबायचं नाही, सरळ १०८ लावायचा, असे प्रसंग थोडे आहेत : धडधडीसोबत शुद्ध हरपली किंवा डोळ्यांपुढे अंधारी येऊन पडलात, छातीवर दाब आला, धाप लागून बोलवेना, किंवा स्वस्थ बसलेलं असताना दीडशेच्या वर गेलेली नाडी काही मिनिटांत खाली येईना. पळताना किंवा चढण चढताना, ऐन श्रमात धडधडून चक्कर येत असेल, तर ती थांबली तरी त्याच दिवशी दाखवायचं. तुमच्या पत्रात यातलं काही नाही.

आता यजमान. ताई, तुम्हाला झोप नाही आणि ते घोरत असतील, पण या घरात आधी ईसीजी काढायचा तो त्यांचा. ५८ वय, बीपी, साखर, आणि ९०-१४०-८५ असा नाचणारा आकडा. घड्याळाचा पट्टा सैल असेल, नाही असं नाही. म्हणून आज रात्री ते स्वस्थ बसलेले असताना त्यांची नाडी बोटांनी पूर्ण एक मिनिट बघा. ठोके कसेही पडत असतील, कधी लांब, कधी जवळ, कधी जोरात, कधी पुसट, आणि तुम्हाला फळीवर ताल धरताच आला नाही, तर ती तिसरी जात असण्याचा संशय धरायचा. एट्रियल फिब्रिलेशन. यात हृदयाचे वरचे कप्पे आकुंचन पावायचं सोडून नुसते थरथरतात. रक्त कोपऱ्यात साचतं, तिथे गुठळी धरते, आणि ती सुटून मेंदूत गेली की पक्षाघात. हा धोका साधारण पाचपट होतो, आणि बीपी व साखर त्यात आणखी भर घालतात. पुष्कळांना धडधड जाणवतही नाही. 'माका कांय जावंक ना' म्हणणारे यातलेच असतात.

हुर्राकशी संबंध आहे तो असा. सुट्टीत, सणात ढोसल्यावर लय बिघडून दवाखान्यात येणाऱ्यांचं वर्णन १९७८ साली अमेरिकन डॉक्टरांनी केलं आणि त्या प्रकाराला 'हॉलिडे हार्ट' असं नाव दिलं. हुर्राक फेणीपेक्षा हलकी, लिंबू-सोडा आणि मिरची घालून घशाखाली सहज उतरते, म्हणून ग्लास मोजले जात नाहीत. पण यंदा चवथीला काही न घेता झालं, हे महत्त्वाचं. म्हणजे आता ते फक्त दारूपुरतं राहिलेलं नाही. तरी दारू सोडण्याला अर्थ आहेच. ऑस्ट्रेलियात असेच रुग्ण, नेमाने पिणारे १४० जण, दोन गटांत विभागले. जे पीत राहिले त्यांतल्या ७३ टक्क्यांना सहा महिन्यांत पुन्हा झटका आला. सोडायला सांगितलेल्यांत ५३ टक्क्यांना. हा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला.

ईसीजीत ते सापडलं, तर त्यांच्या वयाला, बीपीला आणि साखरेला धरून रक्त पातळ ठेवणारी गोळी द्यायची का, हे डॉक्टर ठरवतील. बहुधा देतील. त्याऐवजी ॲस्पिरिन चालेल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, या कामाला ती पुरत नाही. घोरणं फार असेल, झोपेत श्वास अडकत असेल, तर तेही सांगा, त्याचा या लयीशी जवळचा संबंध आहे. आणि तोवर, एक बाजूचं तोंड वाकडं झालं, हात उचलेना, जीभ जड झाली, तर लिंबूपाणी पाजत बसू नका. १०८ लावा आणि लक्षण कधी सुरू झालं ती वेळ सांगा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि सत्तरी-डिचोलीहून बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) पोचायलाही वेळ जातो.

'तुमची नाडी दाखवायला चला' म्हटलं तर ते येणार नाहीत, हे तुमच्या पत्रावरून दिसतंच आहे. तेव्हा होल्टर लावायला तुम्ही जाल त्या दिवशी त्यांना तुमच्या सोबतीला न्या. एकटीला भीती वाटते म्हणा, खोटंही नाही ते. घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, दोघांचीही, आणि तुमचा पंप एका पिशवीत घाला. जुना ईसीजी आणि तालाचं रेकॉर्डिंग विसरू नका. खिडकीवर मात्र केसपेपर दोन काढा.